गृहशुश्रूषा : सेवा आणि बिलाविषयीच्या तक्रारी कशा सोडवाव्यात?

एकत्र कुटुंबपद्धती आपल्या गावांतून जवळजवळ लोप पावली आहे. मुले नोकरीनिमित्त मुंबईत, आखाती देशांत, कॅनडात वा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली असतात आणि गावच्या घरी वृद्ध आईवडील दोघेच राहतात. त्यातील एकाला अर्धांगवायूचा झटका आला, मांडीचे हाड मोडले किंवा विस्मरणाचा आजार जडला की घरात आया, वॉर्डबॉय अथवा परिचारिका ठेवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. अशी माणसे पुरविणारे नर्सिंग ब्युरो आणि गृहशुश्रूषा कंपन्या आता शहरांप्रमाणे तालुक्याच्या गावीही आढळतात. अनेक कुटुंबांना त्यांचा मोठा आधार वाटतो.

मात्र या आधाराबरोबर काही गाऱ्हाणीही येतात. आया न सांगता निघून गेली, बदली माणूस आलाच नाही, रात्रपाळीची बाई झोपून राहते, रुग्णाच्या पाठीला जखमा झाल्या, खाड्याच्या दिवसांचेही पैसे लावले, रुग्ण दगावल्यावर अनामत रक्कम परत मिळाली नाही, अशा तक्रारी आपण नेहमी ऐकतो. आजारपणाच्या धावपळीत बहुतेक कुटुंबे एक तर निमूटपणे पैसे भरतात, नाहीतर फोनवर भांडून विषय सोडून देतात. दोन्ही मार्गांनी तक्रार सुटत नाही. तक्रार सुटण्यासाठी तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : आपला करार कोणाशी आहे, आपली तक्रार कोणत्या प्रकारची आहे आणि आपल्या हाती कोणती लेखी नोंद आहे. या तिन्हींचा क्रमाने विचार करून पुढची कायदेशीर वाट कोणती, हे वाचकांच्या सोयीसाठी आम्ही येथे मांडत आहोत.

करार कोणाशी?

गृहशुश्रूषेचे व्यवहार साधारणपणे तीन प्रकारांनी होतात.

पहिल्या प्रकारात कंपनी वा ब्युरो संपूर्ण सेवेचे बिल कुटुंबाला देतो आणि आयेचा पगार स्वतः करतो. येथे आपला करार संस्थेशी असतो. आया गैरहजर राहिली किंवा तिने काम नीट केले नाही, तर त्याचे उत्तर संस्थेने द्यावयाचे असते.

दुसऱ्या प्रकारात ब्युरो नोंदणी शुल्क वा कमिशन घेऊन माणूस मिळवून देतो आणि पगार मात्र कुटुंब थेट आयेच्या हाती देते. येथे ब्युरोची जबाबदारी त्याने घेतलेल्या कामापुरती असते : माणसाची ओळख पडताळणे, सांगितलेल्या कौशल्याचा माणूस देणे, ठरलेल्या मुदतीत बदली देणे. यांपैकी काय ठरले होते, हे कागदावर नसेल तर पुढे वाद होतो.

तिसऱ्या प्रकारात कोणीही मध्यस्थ नसतो. ओळखीतून आलेल्या बाईला कुटुंबच थेट कामावर ठेवते. ग्राहक कायद्यातील ‘सेवा’ या संज्ञेतून विनामूल्य सेवा आणि ‘वैयक्तिक सेवेचा करार’, म्हणजे मालक-नोकर संबंध, वगळलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणताना हा भेद स्पष्ट केला होता. म्हणून थेट ठेवलेल्या आयेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. तो वाद शक्यतो परस्पर समजुतीने मिटवावा.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. माणूस घरात येण्यापूर्वी ब्युरोकडून एक पानाचे का होईना, पण लेखी पत्र घ्यावे. त्यात कामाचे तास, कामाचे स्वरूप, दर, साप्ताहिक सुट्टीचा नियम, खाड्याचे पैसे कापण्याची पद्धत, बदली देण्याची मुदत, अनामत रक्कम आणि ती परत करण्याची अट एवढे तरी नमूद असावे. पत्र मिळत नसेल तर ठरलेल्या गोष्टी आपणच मोबाइलवरून संदेश म्हणून पाठवाव्यात आणि त्यावर होकार घ्यावा. असा होकारही पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

तक्रार कोणत्या प्रकारची?

सगळी गाऱ्हाणी एकाच अर्जात कोंबली की कोणतेच नीट ऐकले जात नाही. तक्रारींचे ढोबळमानाने तीन वर्ग करावेत.

एक, सेवेतील त्रुटी. ठरलेल्या तासांपेक्षा कमी काम, वारंवार खाडे, बदली न मिळणे, रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर न वळविल्याने होणाऱ्या जखमा, औषधांच्या वेळा चुकणे ही त्याची उदाहरणे होत. परिचारिकेचा दर लावून अप्रशिक्षित आया पाठविणे हादेखील याच वर्गातील गंभीर प्रकार आहे. इंजेक्शन देणे, लघवीची नळी बदलणे, श्वासनलिकेतील कफ यंत्राने ओढणे ही कामे प्रशिक्षित परिचारिकेची आहेत, आयेची नव्हेत.

दोन, बिलाविषयीची तक्रार. न मिळालेल्या सेवेचे पैसे, आधी न सांगितलेले शुल्क, एकतर्फी दरवाढ, पावती न देणे आणि अनामत अडकवून ठेवणे यांचा त्यात समावेश होतो.

तीन, गैरवर्तन. रुग्णाला मारणे, गुंगीचे औषध देणे, उपाशी ठेवणे, दागिने वा पैसे चोरणे हे गुन्हे होत. त्यांची तक्रार प्रथम पोलिसांकडे जावयास हवी. ब्युरोच्या व्यवस्थापकाशी पत्रव्यवहार करीत बसण्याचा हा विषय नव्हे.

रोजची नोंदवही

शंभर पानी साधी वही रुग्णाच्या उशाशी ठेवावी. दररोज तारीख, आया आल्याची व गेल्याची वेळ, तिची सही, दिलेली औषधे, जेवण, कुशीवर वळविल्याच्या वेळा आणि काही विशेष घडल्यास त्याची एका ओळीत नोंद करावी. खाडा झाला तर त्या तारखेपुढे ‘खाडा’ असे लिहून त्याच दिवशी ब्युरोला संदेश पाठवावा. शरीरावर जखम दिसल्यास तारखेसह छायाचित्र काढून कुटुंबाच्या डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांच्या कागदावर तशी नोंद करून घ्यावी.

ही वही आयेवर पाळत ठेवण्यासाठी नसून दोन्ही पक्षांच्या सोयीसाठी आहे. आयेने प्रामाणिकपणे तीस दिवस भरले असतील तर तिचाही तोच पुरावा ठरतो. परदेशातील मुलांना तिच्या पानांची छायाचित्रे दर आठवड्याला पाठविली, तर दुरून पैसे भरणाऱ्यालाही घरी काय चालले आहे ते कळते.

बिल कसे तपासावे?

उदाहरणादाखल एक हिशेब घेऊ. बारा तासांच्या ड्युटीसाठी दररोज ९०० रुपये असा दर ठरला आहे. महिना ३० दिवसांचा आहे. आयेचे ३ खाडे झाले आणि त्यांपैकी एका दिवशी बदली बाई आली. म्हणजे सेवा मिळाली २८ दिवस. त्याचे होतात २५,२०० रुपये. ब्युरोचे बिल मात्र ३० दिवसांचे २७,००० रुपये आणि ‘सेवा शुल्क’ १,५०० रुपये, असे एकूण २८,५०० रुपयांचे आले.

येथे वाद संपूर्ण बिलाचा नसून ३,३०० रुपयांचा आहे. त्यांपैकी १,८०० रुपये न मिळालेल्या दोन दिवसांचे आणि १,५०० रुपये आधी न सांगितलेल्या शुल्काचे. अशा वेळी वाद नसलेले २५,२०० रुपये मुदतीत भरावेत आणि उरलेल्या रकमेबद्दल लेखी हरकत घ्यावी. त्यामुळे ‘पैसे थकविले’ असा ठपका आपल्यावर येत नाही आणि सेवाही खंडित होण्याची वेळ येत नाही. अर्थात दर महिन्याचा ठरलेला असेल आणि त्यात सुट्टीचे दिवस धरलेले असतील, तर प्रत्येक खाड्याचे पैसे कापता येतीलच असे नाही. तेथे कराराचा शब्द पाहावा.

बिल तपासताना आणखी काही बाबी पाहाव्यात. बिलावर संस्थेचे नाव, पत्ता, क्रमांक व तारीख आहे काय? वस्तू व सेवा कर लावला असेल तर संस्थेचा १५ अक्षरांचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे काय? डायपर, हातमोजे, भाड्याचा पलंग, ऑक्सिजन यंत्र यांचे पैसे वेगळे दाखविले आहेत की एका ठोक रकमेत मिसळले आहेत? रोख रक्कम दिल्यास पावती घेतल्याशिवाय उठू नये. दिलेल्या सेवेचे बिल वा पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे ब्युरोला नम्रपणे सांगता येते.

पहिली पायरी : लेखी तक्रार

तोंडी सांगून सुधारणा झाली तर उत्तमच. न झाल्यास ब्युरोच्या व्यवस्थापकाला लेखी पत्र द्यावे. पत्र हाती दिल्यास प्रतीवर पोहोच घ्यावी, टपालाने पाठविल्यास पोहोचपावती मिळेल अशा रीतीने पाठवावे, शिवाय ई-मेलही करावा. पत्रात राग नसावा, तपशील असावा. नमुना पुढीलप्रमाणे :

‘माननीय व्यवस्थापक यांस,
विषय : (महिना व वर्ष) या महिन्यातील सेवा व बिलाबाबत तक्रार.
महोदय,
आपल्या संस्थेमार्फत दिनांक … पासून माझ्या आईसाठी दिवसपाळीची आया घेतली आहे. ठरलेला दर प्रतिदिन … रुपये आहे. दिनांक …, … व … रोजी आया आली नाही. त्यांपैकी दोन दिवस बदलीही मिळाली नाही. तरीही आपल्या बिल क्रमांक … मध्ये पूर्ण महिन्याची आकारणी केली आहे. तसेच आधी न सांगितलेले सेवा शुल्क … रुपये लावले आहे. वाद नसलेली रक्कम … रुपये दिनांक … रोजी भरली आहे. तरी १५ दिवसांत बिल दुरुस्त करून द्यावे व पुढील खाड्याच्या दिवशी बदली मिळेल याची लेखी हमी द्यावी, ही विनंती. सोबत नोंदवहीची पाने, बिल व संदेशांच्या प्रती जोडल्या आहेत.’

आपल्याला नेमके काय हवे, हे पत्रात लिहिणे अगत्याचे आहे. बिलाची दुरुस्ती, पैशांचा परतावा, माणसाची बदली की करार संपविणे? मागणी स्पष्ट असेल तर प्रामाणिक संस्था याच टप्प्यावर प्रश्न मिटविते.

दुसरी पायरी : ग्राहक हेल्पलाइन

पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही सेवा विनामूल्य असून मराठीतूनही बोलता येते. तक्रारीला क्रमांक मिळतो आणि हेल्पलाइन संबंधित संस्थेकडे विचारणा करते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, तरीही सरकारी यंत्रणेकडून विचारणा झाल्यावर पुष्कळदा संस्था हालचाल करतात. ग्राहक चळवळीत १९७५ पासून कार्यरत असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या स्वयंसेवी संस्थांचे मार्गदर्शनही घेता येते.

तिसरी पायरी : जिल्हा ग्राहक आयोग

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली. गृहशुश्रूषेच्या तक्रारींच्या दृष्टीने त्यातील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

• सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाखल होते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास कोणतेही शुल्क नाही. बहुतेक कुटुंबांच्या तक्रारी याच मर्यादेत बसतात.

• तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय बंगळुरू वा दिल्लीत असले तरी तेथवर जाण्याची गरज नाही.

• तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

• पैसे भरणारा मुलगा आणि सेवा घेणारी आई, दोघेही कायद्याने ग्राहक ठरतात. म्हणून मुलगा परदेशी असला तरी आईच्या नावे तक्रार करता येते.

• वकील देणे बंधनकारक नाही. पुरावा मुख्यतः शपथपत्र व कागदपत्रांवर घेतला जातो. दूरदृश्य पद्धतीने सुनावणीची मागणीही करता येते.

• दोन्ही पक्ष तयार असल्यास आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. आजारपणाने आधीच थकलेल्या कुटुंबांना हा मार्ग अनेकदा अधिक सोयीचा ठरतो.

विरुद्ध पक्षाला उत्तर देण्यासाठी ३० दिवस आणि आयोगाने वाढवून दिल्यास आणखी १५ दिवस मिळतात. त्याहून अधिक मुदत देता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये दिला. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी आवश्यक नसेल तर विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, हे मनाशी धरून चालावे. निकाल मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. तक्रार ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या या व्यवस्थेत पूर्वीची ‘ई-दाखिल’ सेवा सामावली आहे.

अनामत रक्कम आणि रुग्णाचे निधन

सर्वांत अधिक मनस्ताप देणारी तक्रार ही असते. रुग्ण महिन्याच्या पाचव्या दिवशी देवाघरी जातो. महिन्याचे आगाऊ पैसे व अनामत ब्युरोकडे पडून असते. दफनविधी, नातलगांची वर्दळ यांत काही आठवडे जातात आणि नंतर ब्युरो ‘आगाऊ रक्कम परत मिळत नाही’ असे सांगतो.

अशा प्रसंगी कुटुंबाने खचून जाऊ नये. ग्राहकाच्या मृत्यूनंतर त्याचे कायदेशीर वारस तक्रार करू शकतात, असे कायद्यातच म्हटले आहे. निधनानंतर शक्य तितक्या लवकर, दोन ओळींचा का होईना, संदेश पाठवून सेवा कोणत्या तारखेपासून थांबविली ते कळवावे. ती तारीख हिशेबाचा आधार बनते. मृत्यूचा दाखला मिळाल्यावर परताव्याचे लेखी पत्र द्यावे. अवाजवी अनामत मागणे किंवा ग्राहकावर एकतर्फी अटी लादणे हा ‘अनुचित करार’ ठरू शकतो. अशा कराराला आव्हान देणारी तक्रार मात्र राज्य आयोगाकडे करावी लागते. केवळ अडकलेली रक्कम परत मागावयाची असेल तर जिल्हा आयोग पुरेसा आहे.

अन्य दारे

नोंदणीकृत परिचारिकेने व्यावसायिक कर्तव्यात गंभीर कसूर केली असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तक्रार करता येते. परिचारिका ठेवताना तिचे परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र पाहण्याचा आग्रह धरावा. आयेसाठी अशी नोंदणी नसते, म्हणून तिचे प्रशिक्षण व पूर्वीचा अनुभव यांची विचारपूस अधिक काळजीने करावी.

मारहाण, चोरी वा जिवाला धोका असल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. इंटरनेटवर दिसलेल्या बनावट ब्युरोला आगाऊ पैसे पाठवून फसवणूक झाली असेल तर विलंब न लावता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर कळविले जाईल, तितकी रक्कम गोठविण्याची शक्यता अधिक. वकिलाची गरज भासल्यास महिला व अपंग व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य साहाय्य मिळू शकते. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

आरोग्य विम्याचा दावा हा वेगळा विषय आहे. घरी आया ठेवल्याचा खर्च सर्वसाधारण पॉलिसीत मिळेलच असे नाही. रुग्णालयातील उपचारांची गरज असूनही रुग्णाला हलविणे अशक्य असल्याने घरी उपचार करावे लागले, तर काही पॉलिसींत तशी तरतूद असते. दावा नाकारला गेल्यास प्रथम विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, आणि महिन्याभरात उत्तर न आल्यास विमा लोकपालाकडे जावे. त्यात ब्युरोला ओढू नये.

आयेचे पैसे अडवू नयेत

ब्युरोवरचा राग पुष्कळदा समोर दिसणाऱ्या बाईवर निघतो. ती दूरच्या पाड्यातून वा परजिल्ह्यातून आलेली, स्वतःची मुले मागे ठेवून दुसऱ्याच्या आईची शी-शू काढणारी असते. आपण ब्युरोला भरलेल्या रकमेपैकी तिच्या हाती किती पडते, हे आपल्याला बहुधा ठाऊक नसते. बिलाचा वाद संस्थेशी असताना तिने भरलेल्या दिवसांचा पगार अडविणे अन्यायाचे आहे. तिचे मूळ आधारकार्ड किंवा मोबाइल ताब्यात ठेवणेही योग्य नाही. ओळखपत्राची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात माहिती देणे पुरेसे असते. तिला जेवणाची वेळ, झोपेची जागा आणि स्वच्छतागृह मिळते की नाही, हेही पाहावे. चोवीस तासांच्या ड्युटीत माणूस चोवीस तास जागा राहू शकत नाही. रात्रभर लक्ष ठेवण्याची गरज असेल तर दोन पाळ्या ठेवाव्या लागतात, आणि तो खर्च आधीच धरावा. तिच्याकडून अपेक्षित असलेली कामे पहिल्याच दिवशी सांगितली तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

त्याचबरोबर तिची तक्रारही ऐकावी. घरातील कोणाकडून तिचा लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्यानुसार राहते घर हेदेखील कामाचे ठिकाण मानले जाते आणि ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागू शकते.

सारांश

लेखी पत्र घेऊनच माणूस ठेवावा. वही पहिल्या दिवसापासून लिहावी. वादग्रस्त रक्कम वेगळी काढून बाकीचे पैसे मुदतीत भरावेत. पत्र, हेल्पलाइन आणि आयोग या क्रमाने पुढे जावे. गुन्हा असेल तर थेट पोलिसांकडे जावे. दोन वर्षांची मुदत विसरू नये.

आपल्या धर्मग्रामात एखाद्या घरी वृद्ध दांपत्य एकटे राहत असेल, तर त्यांच्या बिलावर नजर टाकण्यासाठी, वहीत चार ओळी लिहून देण्यासाठी किंवा १९१५ वर फोन लावून देण्यासाठी शेजाऱ्याने महिन्यातून एकदा अर्धा तास दिला तरी पुष्कळ काम होईल. सही करणारा हात थरथरत असला तरी त्या हाताचा हक्क कमी होत नाही. तो त्यांना मिळवून देण्यास वाचकांनी अवश्य पुढे यावे, अशी आमची विनंती आहे.